उंचे लोग आणि खालचे हात

प्रत्येक शेठच्या चरित्रात सुरुवातीला एक पत्र्याची शेड असते. नाहीतर मोडकी सायकल असते, बापाचा छोटासा धंदा असतो. मग शेठ जिद्दीनं उभा राहतो. मग कारखाना, मग बंगला, मग शाळेला नाव, दवाखान्याला नाव, चौकाला नाव. शेठ गेला की पेपरात पानभर फोटो. पुढच्या वर्षी त्याच पानावर वारसाचा फोटो. ह्याला ते इतिहास म्हणतात. कौटुंबिक उद्योगाचा इतिहास!

मी म्हणतो, हा अर्धाच इतिहास आहे. तंबाखूच्या धंद्यात कुटुंबं दोन असतात. एका कुटुंबाचं नाव पुडीवर छापतात. दुसरं कुटुंब विडी वळतं, पुडी भरतं आणि तीच पुडी खाऊन मरतंही. पहिल्याच्या वारशात नाव येतं. दुसऱ्याच्या वारशात सूप, कात्री आणि खोकला. ह्या दुसऱ्या कुटुंबाचा इतिहास कोण लिहिणार? कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहायला बसलोय. नाजूक वाटलं नाही तर पान उलटा.

मी मुळशीचा. नाव आणि हात ह्यांचा हा हिशोब आमच्या तालुक्याला नवा नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट पुढे होते, विनायकराव भुस्कुटे होते. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. जमीन कसणारे मावळे, पण पुष्कळ जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या पेटीत. सावकारांनी भरपाई घेतली आणि अंग काढलं. ज्याचं नाव कागदावर त्याला मोबदला. ज्याचे हात मातीत त्याचं घर पाण्याखाली. तेव्हापासून आमच्याकडे शहाणं माणूस आधी विचारतं, नाव कुणाचं लागलंय? तंबाखूच्या पुडीलाही मी हेच विचारतो.

ह्याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरूर. घोडनदीचं गाव. तिथल्या धारीवाल कुटुंबाचा विडीचा धंदा. १९३९ साली जन्मलेले रसिकलाल धारीवाल ह्यांनी बापामागं तो छोटा कारखाना हातात घेतला, पुढं विडीवरून गुटख्यावर आले. बापाचं नाव माणिकचंद. तेच नाव पुडीवर आलं आणि देशभरच्या टपऱ्यांवर माळेसारखं लोंबायला लागलं. ते शिरूरचे नगराध्यक्ष झाले. बाटलीतलं पाणी विकलं. शिक्षणसंस्थांना, दवाखान्यांना देणग्या दिल्या. नावाचं फाउंडेशन निघालं. २०१७ च्या ऑक्टोबरात ते वारले.

कराचीत गुटख्याचा कारखाना उभारायला दाऊदच्या टोळीला मदत केली, असा आरोप त्यांच्यावर होता. निकाल लागायच्या आधीच ते गेले. म्हणजे न्यायालयानं त्यांच्याबद्दल काही ठरवलेलं नाही, मीही ठरवत नाही. त्याच प्रकरणात २०२३ साली दुसरे गुटखा कारखानदार जे. एम. जोशी ह्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पेपरवाल्यांनी कराचीवर रकानेच्या रकाने भरले. डॉन म्हटलं की त्यांच्या लेखणीला पाझर फुटतो. माझा मुद्दा कराचीचा नाही, कोपऱ्यावरच्या टपरीचा आहे. बेकायदा काय झालं ते पोलीस बघतील. जे राजरोस झालं, परवाना घेऊन, कर भरून, सत्कार स्वीकारून झालं, त्याचं काय?

आणि एक सांगून ठेवतो. शेठ मारवाडी, जैन आहे म्हणून मी बोलतोय असं कुणी समजू नये. ती गल्ली आपली नाही. संभाजी विडीवाल्या पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची आडनावं वाचा, ती तर इथल्या मातीतली. शेठची जात बदलून हजारामागची मजुरी वाढत नाही. मनमाडला १९३८ साली रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्यावर भाषणं ठोकतो आणि दुसऱ्याकडून वर्गणी घेतो. त्याच्यावर येतोच मी.

आधी विडी कशी होते ते ऐका. पुण्यामुंबईतल्या बऱ्याच दोस्तांनी ती फक्त पेटवलेली असते.

तेंदूचं पान गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलातून येतं. उन्हाळ्यात, आग ओकणाऱ्या दिवसांत आदिवासी बाया-पोरं ते तोडतात, मोजून जुड्या बांधतात. मग ते पान कामठीला, सिन्नरला, संगमनेरला, सोलापूरला कुणाच्या तरी घरात जातं. बाई रात्री पान भिजवते. सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापते. मांडीवर सूप. सुपात तंबाखू. चिमूट घ्यायची, पानावर पसरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा मारायचा. एक विडी झाली. अशा हजार झाल्या की दिवस झाला. मध्ये चूल, पाणी, पोर अंगावर. तंबाखूची धूळ भाकरीत, पाळण्यात, फुप्फुसात. मान वाकलेली ती वाकलेलीच. मग विड्या घेऊन जायचं. तिथला माणूस मोजतो, चाचपतो, आणि मूठभर बाजूला सारतो. ही छाट. छाट विडीचे पैसे नाहीत. बरं, पैसे नाहीत तर विडी परत दे! तीही नाही. ती शेठच्या ढिगात जाते. ह्या बाईच्या भाषेत त्याला चोरी म्हणतात. शेठच्या चरित्रात त्याला गुणवत्तेचा आग्रह म्हणतात.

सोलापुरात ह्या बाया बहुतेक पद्मशाली, तेलुगू बोलणाऱ्या. कामठीकडे आपल्या, महारवाड्यातल्या. कुठे मुसलमान बाया. जात वेगळी, सूप तेच. आईच्या मांडीवरचं सूप पोरीच्या मांडीवर येतं. शेठच्या घरात किल्ल्या खाली येतात, इथं सूप खाली येतं. कौटुंबिक उद्योग म्हणतात तो हाच ना?

आता म्हणाल, कायदा होता की. होता. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे त्यात मान्य झालं. कारखानदार कोर्टात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. पण कोर्टाच्या निकालाआधीच शेठांना पळवाट सापडली होती. मध्ये ठेकेदार घाला! बाई माझी कामगारच नाही, ती ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, मी फक्त पान-तंबाखू देतो अन् विडी घेतो. हजेरीपट कुणाचा? कुणाचाच नाही. आख्ख्या आयुष्यात लाखो विड्या वळलेली बाई कागदावर बेकार.

१९७६ साली कल्याण निधीचे कायदे झाले. विडीवर उपकर लागला, त्यातून दवाखाने, पोरांना शिष्यवृत्ती, घरकुलाला मदत. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर गेला. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेनं विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचं ठरवलं, तेंदूपानावरचा १८ वरून ५ वर. कारण काय सांगितलं जातं? गरीब विडी कामगार बायांचा रोजगार! आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत १९६६ चा तो कायदा गडप झाला. म्हणजे बाईचं नाव सांगून कर कमी होतो आणि बाईचा म्हणून जो वेगळा कायदा होता तो मोडीत निघतो. बाईचं नाव फक्त कर कमी करायच्या वेळी आठवतं. मजुरी वाढवायच्या वेळी म्हणतात, धंदा बुडेल.

नावावरून दुसरी गोष्ट. २०२० साली संभाजी विडीच्या नावावरून रान उठलं. छत्रपतींचं नाव विडीवर, लोक ती पायाखाली टाकतात, हा अपमान. राग खोटा नव्हता. आपल्यालाही तो समजतो. वढू बुद्रुकला संभाजीराजांच्या समाधीजवळ गोविंद गोपाळ महाराची समाधी आहे, आणि तिच्यावरून काय झालं ते २०१८ च्या जानेवारीत सगळ्या देशानं बघितलं. तर उपोषणं झाली, पुढाऱ्यांची निवेदनं झाली. २०२१ साली कंपनी नमली. संभाजी विडीची साबळे विडी झाली.

मला त्या आंदोलनाबद्दल तक्रार नाही. मला फक्त वेग बघून आश्चर्य वाटतं. वर्षाच्या आत पुडीवरचं नाव बदलतं! पुडीच्या आतली विडी ज्या बाईनं वळली तिची मजुरी हालायला किती वर्षं लागतात? विडीवरच्या नावाचा अपमान दिसतो. विडीवरच्या बोटांचा अपमान दिसत नाही. ती बोटं पन्नाशीत सरळ होत नाहीत. त्यांच्यासाठी कुठल्या गडाच्या पायथ्याला कोण उपोषणाला बसलं?

आता पुडी खाणाऱ्यांकडे येतो.

माणिकचंद गुटख्याची जाहिरात ज्यांनी ऐकलीय त्यांना ती विसरता येत नाही. उंचे लोग, उंची पसंद. एक काळ फिल्मफेअरचे पुरस्कारसुद्धा ह्याच नावानं ओळखले जात. पडद्यावर सूटबूट, झगमगाट, नटनट्या. आणि पुडी कुणाच्या खिशात? ट्रकच्या क्लीनरच्या. बिगाऱ्याच्या. हमालाच्या. कचरा वेचणारीच्या. ड्रेनेजमध्ये उतरणाऱ्याच्या. हजारो वर्षं ज्याला खालचा म्हटलं त्याला दोन-चार रुपयांत उंच माणूस व्हायला मिळत होतं! हा धंदा तंबाखूचा नव्हताच. हा उंचीचा धंदा होता. ज्यांनी उतरंड रचली त्यांच्याच बाजारात वर चढायचं तिकीट विकायला ठेवलं, आणि आमच्या माणसांनी रांग लावली.

माझा चुलता एका ठेकेदाराकडे ड्रेनेजच्या कामाला होता. मी त्याला म्हणायचो, नाना, सोड की पुडी. तो म्हणायचा, "पुडी टाकल्याबिगर खाली उतरवत न्हाई रं. वास मरतो. भूकबी मरते." शहर स्वच्छ ठेवायचं तर माणसाचं नाक आधी मारावं लागतं, हे मला त्याच्याकडून कळलं. पुढं त्याचं तोंड उघडेना. दोन बोटं आत जाईनात. मग गालात गाठ. शेवटी नळीनं पेज. कुठल्या कंपनीची पुडी, ते मी सांगत नाही. सगळ्या पुड्या आतून सारख्याच. ठेकेदाराच्या वहीत त्याचं नाव नव्हतं, तेव्हा मेल्यावर खोडायचीही भानगड पडली नाही.

आमच्या मुळशीत बायांना गुटखा लागतच नाही. त्या मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, दातांवर फिरवायची. भातलावणीला गुडघाभर चिखलात उतरायच्या आधी एक बोट, उपाशी पोटी घरी आल्यावर एक बोट. वस्तीवरच्या म्हाताऱ्या म्हणतात, दात बळकट होतात. खरं म्हणजे पोटातली आग विझते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठली ना कुठली तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे फक्त ३.८ टक्के. न जाळता तोंडात धरणारे २४.४ टक्के. म्हणजे ह्या राज्यात तंबाखू धुरात नाही, तोंडात आहे. गालात, जिभेखाली, दाढेशी आहे. जी तोंडं घोषणा द्यायला पाहिजेत त्या तोंडांत आहे!

सरकारनं काय केलं? २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. कारखानदार कोर्टात गेले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं ती उडवली. २०१२ च्या जुलैत अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली पुन्हा बंदी आली, तिचं दरसाल नूतनीकरण होत आलं. आणि आमच्या पिरंगुटच्या, पौडच्या रस्त्यावर चाललात तर पाऊल पुडीवरच पडतं. मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी, दोन्ही तोंडात एकत्र. बंदीनं कुठल्या शेठचा बंगला विकला गेला? टपरीवाल्या पोराला दंड, पुडी खाणाऱ्याला कर्करोग, आणि वारसाला दुसरा धंदा. पैसा जागचा हालत नाही. तो फक्त नाव बदलतो.

दोस्तहो, आता आपल्या घरात शिरतो. राग आला तर येऊ द्या.

एप्रिल आला की आपल्या मंडळांची पोरं पावतीपुस्तकं घेऊन निघतात. कमानीवर बाबासाहेब, आणि बाबासाहेबांच्या खाली कुणाचा फोटो? मसाल्याच्या, जर्द्याच्या एजन्सीवाल्याचा. सौजन्य अमुक तमुक. मिरवणुकीत निळा गुलाल, आणि पोरांच्या गालात पुडी. डीजेपुढं नाचताना तोंडातून घोषणा निघत नाही, कारण तोंड भरलेलं आहे. ज्या माणसानं आयुष्यभर पुस्तकांवर पैसे खर्चले त्याच्या जयंतीला आपण तंबाखूच्या पैशानं रोषणाई करतो. ही भडवेगिरी आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही. शेठ जातीनं लहान की मोठा, देणगी पाचशेची की पाच लाखांची, फरक नाही. आपल्या वस्तीतल्या मेलेल्या माणसांच्या गालाचे ते पैसे आहेत. ते थोडे परत देऊन तो दानशूर होतो आणि आपण त्याला हार घालतो.

आणि ह्या धंद्याच्या इतिहासात आपलं नाव नाही असं कोण म्हणतं? आहे! कामठीचे बाबू हरदास. आपण उठताबसता जय भीम म्हणतो ना, ते अभिवादन रूढ करणारा हा माणूस. १९०४ चा जन्म. त्यानं मध्य प्रांतातल्या विडी कामगारांची संघटना बांधली. ठेकेदार लुटतो म्हणून सहकारी तत्त्वावर विडीचं काम काढायचा प्रयत्न केला. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आला. १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं गेला, वय पस्तीस. आपल्याला त्याचं अभिवादन पाठ आहे, त्याची विडी कामगार संघटना पाठ नाही. जय भीम हा शब्द विडीच्या सुपाशेजारी वाढलाय, हे आपल्या पोरांना कुणी सांगितलंच नाही.

त्याच्या सहकाराचं स्वप्न वेडेपणा नव्हता. केरळात कण्णूरला कारखानदारांनी १९६६ चा कायदा पाळायचा नाही म्हणून १९६८ साली कारखाने बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर. त्यांनी १९६९ साली दिनेश विडी नावाची स्वतःची सहकारी संस्था काढली. शेठ नाही, वारस नाही. पुढं विडीचा खप घसरला तेव्हा त्याच कामगारांची संस्था छत्र्या, कपडे, खाद्यपदार्थ करायला लागली. म्हणजे तंबाखू सोडली तर बाया उपाशी मरतील, हे शेठचं रडगाणं खोटं आहे. मालकी हातांकडे असली की हात दुसरं काम शोधतात.

आपल्याकडेही झालंय. निपाणीच्या वखारींतल्या बाया सुभाष जोशींच्या सोबतीनं संघटित झाल्या. १९८१ साली तिथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. सोलापुरात नरसय्या आडम मास्तरांच्या लाल बावट्याखाली विडी कामगार बायांनी वर्षानुवर्षं झुंज देऊन कुंभारीला दहा हजार घरं मिळवली, २००६ साली ताब्यात घेतली. गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत. झेंड्याचा रंग आपला नसेल, पण शिकायला काय हरकत आहे? गडचिरोली-गोंदियाच्या कितीतरी ग्रामसभा वनहक्क कायद्याच्या जोरावर तेंदूपान स्वतः विकायला लागल्या. ह्या सगळ्यांनी एकच गोष्ट केली. पुडीवरच्या नावाशी भांडत बसले नाहीत. आपलं नाव कागदावर घातलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एक, येत्या १४ एप्रिलला एकाही मंडळाच्या कमानीवर तंबाखूचा, जर्द्याचा, मसाल्याचा पैसा नको. रोषणाई कमी झाली तर होऊ द्या. दोन, ज्या वस्तीत विडी वळली जाते तिथं जाऊन बसा. वही घेऊन. बाईचं नाव, किती वर्षं वळते, कुणासाठी वळते, ओळखपत्र आहे का, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, छाट किती निघते, सगळं तिच्या तोंडून लिहून घ्या. हे लिहिलेलं कामगार कार्यालयात आपटा. नव्या संहितांमध्ये ह्या बाईचं काय राहिलं ते अधिकाऱ्याला लेखी विचारा. शेठच्या शंभर वर्षांच्या गौरवग्रंथाला हे आपलं उत्तर. तीन, तोंडातली पुडी थुंका. डॉक्टर सांगतो म्हणून थुंकू नका, तब्येतीचं मरू द्या. ज्या शेठविरुद्ध बोलायचं त्याचाच माल गालात धरून बोलता येत नाही, म्हणून थुंका.

वस्तीवरची म्हातारी मशेरी सोडणार नाही, मला ठाऊक आहे. तिच्यावर मी ओरडणारही नाही. तिच्या पोटाला आधी भाकर द्या, मग आरोग्यावर प्रवचन द्या. पण तू, शिकलेला, शहरातला, छातीवर निळा बिल्ला लावणारा, तुला ही सवलत नाही. तुला वाचता येतं. पुडीवरचं नाव वाच. मग पुडीवर कुणाचं नाव नाही ते शोधायला नीघ. कामठीत, सिन्नरात, निपाणीत, तुझ्या मागच्या गल्लीत.

तोंड मोकळं कर आणि म्हण, जय भीम!